सापडलं नाही म्हणजे नाहीच, असं नाही

तर मंडळी, या शनिवारचा विषय जरा कोरडा वाटेल. विषय आहे शोधणे. घर, नोकरी, डेक्कनवर पार्किंग वगैरे शोधणे नव्हे. आपल्या आधी कुणीतरी जे शोधून, लिहून, छापून ठेवलंय, ते शोधणे. ऐकायला लायब्ररी सायन्सच्या तासासारखं वाटतं, मान्य. पण या एका गोष्टीपायी माणसं गेली आहेत आणि वाचलीही आहेत, त्यामुळे चहा घेऊन बसा आणि शेवटपर्यंत वाचा.

निमित्त असं की माझा एक मित्र एका कॉलेजात मायक्रोबायॉलॉजी शिकवतो. एम.एस्सी.च्या पोरांना प्रोजेक्टसाठी संदर्भ शोधायला आणि नंतर तो प्रोजेक्ट चार लोकांना कळेल असा मांडायला शिकवायचं होतं. त्याचा फोन आला, "अरे, तुमचं ऑफिसात सर्चचंच काम ना? मग दोन तास येऊन घे." मी म्हटलं, बाबा रे, आमचं सर्च म्हणजे लोकांना बूट आणि कुकर शोधून देणं. तो म्हणाला, "चालेल, तत्त्व तेच." तत्त्व खरंच तेच आहे का, हे बघायला म्हणून वाचायला बसलो आणि तीन वीकेंड त्यातच गेले.

सुरुवात एका वाईट गोष्टीपासून करतो.

अमेरिकेत बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ आहे. वैद्यकीय संशोधनात ज्यांचं नाव पहिल्या रांगेत घेतात, त्यांतलं एक. २००१ साली तिथल्या दम्याच्या केंद्रात एक प्रयोग चालू होता. निरोगी माणसाची फुप्फुसं श्वासनलिका आकसू नयेत म्हणून स्वतःहून काय करतात, हे समजून घ्यायचं होतं. त्यासाठी निरोगी स्वयंसेवकांना हेक्झामेथोनियम नावाचं औषध श्वासावाटे दिलं जायचं. हे औषध १९५० च्या दशकात रक्तदाबासाठी वापरात होतं. पुढे ते मागे पडलं आणि १९७२ मध्ये त्याची अमेरिकेतली मान्यताही गेली. मे २००१ मध्ये त्याच केंद्रात तंत्रज्ञ म्हणून काम करणारी २४ वर्षांची एक मुलगी या प्रयोगात सामील झाली. औषध घेतल्यावर लगेचच तिला खोकला सुरू झाला, मग फुप्फुसं निकामी होत गेली आणि २ जूनला ती गेली. धडधाकट मुलगी, आजार काही नाही, संशोधनाला मदत म्हणून पुढे आलेली.

चौकशी झाली. तेव्हा कळलं की संशोधकांनी अगदीच आंधळेपणाने उडी मारली नव्हती. औषधाच्या सुरक्षिततेबद्दल त्यांनी शोध घेतला होता. पाठ्यपुस्तकं पाहिली होती, पबमेडवर सर्च मारला होता. पबमेड म्हणजे वैद्यकीय संशोधनाच्या लेखांची सगळ्यात मोठी मोफत सूची. पण त्या वेळी पबमेडचा सर्च १९६६ पर्यंतच मागे जायचा. आणि या औषधाने फुप्फुसांना इजा होते असं सांगणारे लेख १९५० च्या दशकातले होते. लेख होते, छापलेले होते, लायब्ररीत होते. सर्चमध्ये मात्र नव्हते.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. सगळं खापर सर्चवर फोडून चालणार नाही. त्या जुन्या लेखांतले रुग्ण रक्तदाबाचे होते आणि त्यांनी औषध श्वासावाटे घेतलं नव्हतं. शिवाय तिच्या आधीच्या एका स्वयंसेवकाला खोकला झाला होता आणि तो वेळेत कळवला गेला नाही. संमतीपत्रात या औषधाला मान्यता नाही हे स्पष्ट लिहिलेलं नव्हतं. चुका अनेक होत्या. जुलैमध्ये सरकारने हॉपकिन्समधलं सरकारी पैशावर चालणारं, माणसांवरचं जवळजवळ सगळं संशोधन काही दिवस थांबवलं, ते या सगळ्यामुळे. पण धोक्याचा पहिला कंदील त्या जुन्या लेखांत लटकत होता आणि तो कुणाला दिसला नाही, हे उरतंच.

मी सॉफ्टवेअरवाला असल्यामुळे माझ्या डोक्यात पहिला प्रश्न आला तो असा, की १९६६ च का? माणसाचं शरीर काही १९६६ पासून सुरू होत नाही. ही तारीख आली कुठून?

याचं उत्तर शोधायला आणखी शंभर वर्षं मागे जावं लागतं. जॉन शॉ बिलिंग्ज नावाचे एक अमेरिकन लष्करी डॉक्टर होते. यादवी युद्धानंतर त्यांच्याकडे लष्कराच्या सर्जन जनरलचं ग्रंथालय आलं. या गृहस्थांनी ठरवलं की जगभरातल्या वैद्यकीय नियतकालिकांत काय काय छापून येतं, त्याची विषयवार सूची करायची. १८७९ मध्ये त्यांनी 'इंडेक्स मेडिकस' नावाचं मासिक काढलं. त्यात लेख नाहीतच, फक्त लेखांचे पत्ते. पुढच्या वर्षी ग्रंथालयाच्या मोठ्या सूचीचा पहिला खंड निघाला. हे सगळं हाताने, एकेका चिठ्ठीवर लिहून. आपण ज्याला इंडेक्सिंग म्हणतो ते शाई आणि कागदावर.

हेच बिलिंग्ज १८८० च्या जनगणनेत जन्ममृत्यूच्या आकडेवारीचं काम बघत होते. तिथे हर्मन हॉलेरिथ नावाचा एक तरुण इंजिनिअर होता. हे मोजमाप यंत्राने करता आलं पाहिजे, ही कल्पना बिलिंग्ज यांच्याशी बोलताना सुचल्याचं हॉलेरिथने पुढे सांगितलं. त्याची पंच कार्डांची यंत्रं १८९० च्या जनगणनेत वापरली गेली आणि त्याची कंपनी पुढे ज्या कंपनीत विलीन झाली, ती १९२४ पासून आयबीएम या नावाने ओळखली जाते. म्हणजे वैद्यकीय सूची आणि आपला धंदा, दोघांचा एक पूर्वज सामाईक आहे. मित्राचं 'तत्त्व तेच' असं खरं ठरलं म्हणायचं. :)

बिलिंग्ज यांचं ग्रंथालय वाढत वाढत १९५६ मध्ये अमेरिकेचं राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालय झालं. तोवर लेखांचा पूर एवढा वाढला होता की माणसं लावून सूची छापणं आवाक्याबाहेर जायला लागलं. १९६४ मध्ये 'मेडलार्स' नावाची संगणक प्रणाली सुरू झाली. हनीवेल कंपनीचा संगणक, त्यात टेपवर भरलेल्या नोंदी. मुख्य उद्देश छापील सूची पटापट तयार करणं हा होता, सर्च हा जोडधंदा. डॉक्टरने प्रश्न लिहून पाठवायचा, ग्रंथालयातला प्रशिक्षित माणूस त्याची क्वेरी बनवणार, ती रात्री बॅचमध्ये चालणार आणि उत्तराचा कागद टपालाने येणार. काही आठवडे सहज जायचे. १९७१ मध्ये फोनच्या तारेवरून चालणारं 'मेडलाइन' आलं. १९९७ मध्ये पबमेड सगळ्या जगाला मोफत खुलं झालं. छापील इंडेक्स मेडिकस २००४ मध्ये बंद पडलं.

आता लक्षात आलं ना १९६६ कुठून आलं ते? साठच्या दशकाच्या मध्यात नोंदी संगणकात जायला लागल्या. त्याआधीचं सगळं कपाटातल्या जाडजूड खंडांत राहिलं. ती तारीख वैद्यकशास्त्राची नव्हती, डेटा मायग्रेशनची होती. आपण नाही का, जुन्या सिस्टिममधला डेटा 'नंतर बघू' म्हणून मागे ठेवतो? तसंच. फरक एवढाच की स्क्रीनवरची शोधपेटी कधी सांगत नाही, "साहेब, माझ्याकडे इतक्याच सालापासूनचं आहे, पुढे कपाट बघा." ती फक्त 'शून्य निकाल' म्हणते. आणि आपण त्याचा अर्थ 'असं काही नाही' असा लावतो.

या गोष्टीतला खरा दैवदुर्विलास पुढेच आहे. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला, म्हणजे हेक्झामेथोनियम जोरात वापरलं जात होतं त्याच काळात, वैद्यकीय साहित्य यंत्राने कसं शोधता येईल यावर एक प्रकल्प चालू होता. कुठे? बाल्टिमोरला, जॉन्स हॉपकिन्सच्याच वेल्च वैद्यकीय ग्रंथालयात! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

त्या प्रकल्पात यूजीन गारफिल्ड नावाचा एक तरुण होता. शिक्षण रसायनशास्त्राचं, पण प्रयोगशाळेपेक्षा सूचीतच जास्त रमणारा. त्याला छळणारा प्रश्न असा होता की विषयवार सूची करताना तो विषय कुणीतरी माणूस ठरवतो. एकाला जे 'हृदय' वाटतं ते दुसऱ्याला 'औषध' वाटतं. शिवाय सूची बनवणाऱ्याला आज जो विषय माहीतच नाही, त्याखाली तो लेख टाकणार कसा? १९५३ मध्ये त्याला एक पत्र आलं. लिहिणारे होते विल्यम अडेर, 'शेपर्ड्स सायटेशन्स' या प्रकाशनाचे निवृत्त उपाध्यक्ष. त्यांनी सुचवलं की आमच्या वकिलांच्या जगात काय करतात ते एकदा बघा.

वकिलांच्या जगात काय करायचे? एखादा जुना निकाल कोर्टात दाखवायचा असेल तर तो अजून 'जिवंत' आहे का, हे बघणं भाग असतं. नंतरच्या कुठल्या खटल्यात तो मान्य केला गेला, कुठे फिरवला गेला, याची यादी १८७३ पासून शेपर्ड्स छापत होतं. म्हणजे एका निकालाचं बोट धरून पुढच्या काळात चालत जायचं. गारफिल्डच्या डोक्यात दिवा पेटला. शास्त्रीय लेखाच्या शेवटी संदर्भांची यादी असतेच. ती उलटी केली तर? कुठल्या लेखाने कुणाचा आधार घेतला हे कळतंच, पण या लेखाचा आधार नंतर कुणी कुणी घेतला हेही कळेल. विषय कुणी ठरवायची गरज नाही, लेखकांनीच दुवे जोडून ठेवलेत. १९५५ मध्ये त्याने 'सायन्स' नियतकालिकात ही कल्पना मांडली आणि १९६४ मध्ये 'सायन्स सायटेशन इंडेक्स' बाजारात आणला. पहिल्या आवृत्तीत ६१३ नियतकालिकं आणि सुमारे १४ लाख संदर्भ होते. दुव्यांवरून महत्त्व ठरवणारं गुगलचं पेजरँक याच घराण्यातलं. (याच घराण्यात 'इम्पॅक्ट फॅक्टर' नावाचं एक वाह्यात कार्टंही निपजलं, ज्याच्या नादाने प्राध्यापक मंडळी हैराण आहेत. पण तो वेगळ्या शनिवारचा विषय.)

मग एवढी साधनं हाताशी आल्यावर प्रश्न सुटला का? नाही. आणि तो सुटणार नाही हे कुणीतरी १९६३ मध्येच लिहून ठेवलं होतं.

अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या विज्ञान सल्लागार समितीने माहितीच्या पुरावर एक अहवाल काढला. प्रमुख होते ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेचे संचालक, अणुशास्त्रज्ञ ॲल्विन वाइनबर्ग. म्हणून त्याला वाइनबर्ग अहवाल म्हणतात. संगणकाचं युग सुरू होतंय, म्हणजे अहवालात यंत्रांचीच आरती असणार असं वाटतं. तसं नाही. त्याचा रोख माणसांवर आहे. माहिती हाताळणं हे संशोधनाचंच काम आहे, ग्रंथपालाच्या गळ्यात मारायची हमाली नव्हे. आपला लेख नंतर कुणाला सापडावा याची जबाबदारी लेखकावरही आहे, म्हणून शीर्षक आणि सारांश नीट लिहा. विद्यार्थ्यांना साहित्य शोधण्याचं तंत्र शिकवा. आणि शास्त्रज्ञांना धड, समजेल असं लिहायला शिकवा. थोडक्यात, शोधता येणं आणि सांगता येणं ही एकाच नाण्याची दोन अंगं आहेत, हे १९६३ मध्ये एका अणुशास्त्रज्ञाने बजावून सांगितलं. आपल्याकडे अजूनही बहुतेक कॉलेजांत यातलं पहिलं अंग 'ते येईल आपोआप' या सदरात असतं आणि दुसरं 'पीपीटी बनवा रे' या सदरात.

दुसऱ्या अंगाची, म्हणजे सांगण्याची, एक गोष्ट सांगतो. १९७२ मध्ये न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या लिगिन्स आणि हाउई या दोन डॉक्टरांनी एका प्रयोगाचा निकाल छापला. वेळेआधी बाळंतपण होणार असेल तर आईला आधीच स्टेरॉइडचं इंजेक्शन द्यायचं. औषध स्वस्त, उपाय सोपा. त्याने बाळाची फुप्फुसं लवकर तयार होतात आणि श्वासाच्या त्रासाने दगावण्याचं प्रमाण घटतं. पुढच्या १९ वर्षांत असे आणखी सात प्रयोग झाले. वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या नियतकालिकांत. काही इतके छोटे की एकेकटा बघितला तर 'फरक स्पष्ट नाही' असंच वाटावं. सगळे एकत्र मांडून बघणारा पद्धतशीर आढावा १९८९ पर्यंत निघालाच नाही. तोवर बहुतेक प्रसूतितज्ज्ञांना हा उपाय एवढा गुणकारी आहे याची कल्पनाच नव्हती. या दिरंगाईत हजारो अपुऱ्या दिवसांची बाळं विनाकारण गेली असावीत, असं पुढे कॉक्रेन या संस्थेनेच म्हटलं. १९९३ मध्ये इयान चाल्मर्स यांच्या पुढाकाराने ही संस्था उभी राहिली ती नेमकं हे काम करायला, म्हणजे विखुरलेले प्रयोग शोधायचे, जोखायचे आणि एकत्र मांडायचे. तिचं बोधचिन्ह कधी बघा. वर्तुळात काही आडव्या रेघा आणि खाली एक चौकट आहे. ते नुसतं डिझाइन नाही. त्या रेघा म्हणजे याच स्टेरॉइडच्या प्रयोगांचा आलेख आहे.

हॉपकिन्समध्ये माहिती सापडली नाही. इथे माहिती समोर होती, पण कुणी तिची बेरीज करून सांगितली नाही. काखेत कळसा नि गावाला वळसा.

आपल्याकडचं काय? आपल्याकडे तर या विषयातला एक अस्सल उस्ताद होऊन गेला. शियाळी रामामृत रंगनाथन. मद्रासला गणिताचे प्राध्यापक होते, १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. लंडनला जाऊन शिकून आले आणि १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. त्यांतलं एक वाचकाचा वेळ वाचवण्याबद्दल आहे. आम्ही ज्याला आज 'यूजर एक्सपीरियन्स' म्हणून मिरवतो, ते यांनी तेव्हाच सूत्र करून ठेवलं. १९३३ मध्ये त्यांची कोलन वर्गीकरण पद्धत आली. एका पुस्तकाला एकाच खणात कोंबण्याऐवजी त्याचे पैलू वेगळे करायचे आणि मग जोडायचे. आमच्या शॉपिंग साइटवर डावीकडे रंग, साइज, ब्रँड अशी फिल्टरं असतात ना, त्याला फॅसेट म्हणतात. ती कल्पना रंगनाथनांची. बूट आणि कुकर शोधून देणारे आम्ही सगळे या मद्रासच्या मास्तरांच्या मिठाला जागतोय, फक्त बहुतेकांना ते माहीत नाही.

आणि पुण्याचंही एक नातं आहे. खगोलशास्त्रज्ञांचा 'एडीएस' नावाचा लेखसंग्रह आहे, नासाच्या पैशावर हार्वर्डला चालणारा. इंटरनेट मुंगीच्या पावलांनी चालायचं त्या काळात त्याच्या प्रती जगात मोजक्या ठिकाणी ठेवल्या होत्या. त्यांतली एक गणेशखिंडीत, आयुकामध्ये. अमेरिकेपर्यंतची तार जाम असली तरी इथल्या विद्यार्थ्याला लेख मिळावा म्हणून. त्याच आयुकाचे संस्थापक संचालक जयंत नारळीकर. २०२५ च्या मे महिन्यात ते गेले. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी एक विज्ञानकथा पाठवली होती, 'कृष्णविवर'. स्वतःची आद्याक्षरं उलटी करून 'नारायण विनायक जगताप' या नावाने. का, तर नावाच्या वजनावर नको, लिखाणाच्या वजनावर जोखलं जावं म्हणून. बक्षीस मिळालं हे सांगायला नकोच. शोधून सापडलेलं आपल्या भाषेत, आपल्या माणसांना सांगणं हे संशोधकाला कमीपणा आणणारं काम नाही, हे आपल्याकडे एवढ्या मोठ्या माणसाने आयुष्यभर करून दाखवलं.

आता पैशाची बाजू. अनेक वर्षं आपल्या कॉलेजांची तक्रार रास्त होती की नियतकालिकं परवडत नाहीत. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना मंजूर केली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिकं, ६,३०० हून जास्त सरकारी संस्था आणि जवळपास १.८ कोटी विद्यार्थी, शिक्षक, संशोधक. खाजगी कॉलेजं पहिल्या टप्प्यात नाहीत, ही त्यातली मोठी उणीव. तरीही दार उघडलं हे खरं. पण दार उघडणं आणि आत गेल्यावर काय शोधायचं हे कळणं, यात फरक आहे. सहा हजार कोटींचं ग्रंथालय, आणि त्यात शिरून पहिल्या पानावरचे तीन लेख उचलून बाहेर येणारा विद्यार्थी! चूक त्याची नाही, त्याला कुणी दाखवलंच नाही.

म्हणून त्या दोन तासांसाठी मी चार गोष्टी काढल्या आहेत. तुमच्याही कामाच्या असतील.

पहिली. डेटाबेसची सीमा आधी विचारा. यात कुठल्या सालापासूनचं आहे, कुठली नियतकालिकं आहेत, कुठल्या भाषा आहेत? पबमेडमध्ये आता १९४६ पासूनच्या जुन्या छापील सूची भरल्या आहेत आणि एकूण नोंदी साडेतीन कोटींच्या वर आहेत. पण त्या जुन्या नोंदींना सारांश नाहीत, त्यामुळे सारांशातला शब्द टाकून त्या मिळणार नाहीत. एका डेटाबेसात शून्य आलं तर दुसरा उघडा.

दुसरी. आपला शब्द आणि त्यांचा शब्द वेगळा असतो. तुम्ही 'हार्ट अटॅक' टाकाल, लेखात 'मायोकार्डियल इन्फार्क्शन' असेल. पबमेडवाल्यांची 'मेश' नावाची ठरीव शब्दावली आहे, १९६० पासूनची. बहुतेक लेखांना तिच्यातली लेबलं लावतात. ती पाच मिनिटं चाळली की पुढचे पाच तास वाचतात.

तिसरी. एक चांगला लेख सापडला की गारफिल्डची युक्ती वापरा. त्याच्या संदर्भयादीतून मागे जा, आणि त्याचा आधार कुणी घेतला हे बघत पुढे या. मागे गेलात की मूळ पुरावा सापडतो, पुढे आलात की तो अजून टिकून आहे का, की कुणी खोडून काढलाय, की लेखच मागे घेतला गेलाय, ते कळतं.

चौथी, आणि सगळ्यात दुर्लक्षित. शोध कसा घेतला ते लिहून ठेवा. कुठला डेटाबेस, कुठली तारीख, कुठले शब्द, किती निकाल. आपण कोडला लॉग ठेवतो तसं. मांडताना 'यावर काही संशोधन झालेलं नाही' असं बेधडक वाक्य टाकू नका. 'अमुक ठिकाणी, अमुक शब्दांनी, अमुक सालापासून शोधलं, सापडलं नाही' असं म्हणा. पहिल्या वाक्याने ऐकणारा निश्चिंत होतो. दुसऱ्याने तो विचारतो, "आणि त्याच्या आधीचं?" बाल्टिमोरमध्ये हा एक प्रश्न कुणी विचारायला हवा होता.

आता तुमच्यातले काही म्हणतील, हे सगळं कशाला, एआयला विचारलं की सांगतो. विचारा, मीही विचारतो. शब्द सुचवायला, अवघड सारांश उलगडायला तो झकास आहे. पण २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टात 'माटा विरुद्ध एव्हिआन्का' खटल्यात काय झालं ते लक्षात ठेवा. वकिलांनी चॅटजीपीटीकडून जुने निकाल मागवले आणि तसेच कोर्टात सादर केले. त्यांतले अनेक निकाल अस्तित्वातच नव्हते. नावं होती, क्रमांक होते, उतारे होते, फक्त खटले नव्हते. न्यायाधीशांनी ५,००० डॉलरचा दंड ठोठावला. गंमत बघा, निकाल खरा आणि जिवंत आहे का हे तपासायची पद्धत याच धंद्याने १८७३ पासून जपली होती आणि गारफिल्डने ती तिथूनच उचलली होती. साधन घरात होतं, वापरायची सवय गेली.

जुन्या शोधपेटीचा दोष असा की असलेली गोष्ट ती 'नाही' म्हणायची. नव्या यंत्राचा दोष उलटा, नसलेली गोष्ट ते 'आहे' म्हणून बिनदिक्कत हातात ठेवतं. दोन्हींवर औषध एकच आणि ते यंत्रात नाही. मूळ लेख उघडायचा, वाचायचा, आणि आपण कुठवर पाहिलं हे ऐकणाऱ्याला खरं सांगायचं. हे शिकवायला मोठी लॅब लागत नाही, दोन तास आणि एक चिकट मास्तर पुरतो. आपल्या कॉलेजांत तेवढं झालं तरी पुष्कळ.

असो. चहा गार झाला असेल. पुढच्या शनिवारी भेटू.